फॉर्म भरला, पण पोहोचला काय?

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे हे जन्मगाव मानले जाते आणि त्यांचे घराणे शिंप्याचे, हे सर्वांना ठाऊक आहे. या गावात शिवणकामाचा धंदा करणारे आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत. शाळेचे गणवेश शिवून देणे हा त्यांचा मुख्य धंदा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याच्या आग्रहावरून त्यांनी एका होतकरू मुलाकडून इंटरनेटवर ऑर्डर घेण्याचा फॉर्म करून घेतला. शाळेने मोबाइलवर फॉर्म भरायचा, चाचांच्या दुकानातल्या संगणकावर नोंद उमटायची, अशी सोय.

पहिल्याच हंगामात एका शाळेने सव्वाशे सदऱ्यांची ऑर्डर भरली. मुख्याध्यापकांनी संख्या मराठी आकड्यांत लिहिली : १२५. मापांच्या चौकोनांत २४, २६, २८ आणि ३० अशा चार खुणा केल्या. चाचांच्या नोंदीत मात्र संख्या उमटली शून्य आणि माप उमटले फक्त ३०. शून्य सदरे पाहून चाचांना वाटले, कोणीतरी सहज चौकशी केली असेल. त्यांनी ती नोंद बाजूला ठेवली. शाळा उघडण्याच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापकांचा फोन आला, ‘‘कपडे तयार आहेत ना?’’

पुढे काय झाले ते धंदेवाल्यांना सांगायला नको. कापड उधारीवर उचलले, हिंगोलीहून कारागीर जादा मजुरीवर आणले, रात्र रात्र मशिनी चालल्या. ऑर्डर पुरी झाली, शाळेत शब्द राहिला. पण त्या हंगामातला नफा जादा मजुरीत गेला.

फॉर्म करणारा मुलगा बेइमान नव्हता. त्याने फॉर्म तपासलाही होता. स्वतः इंग्रजी आकड्यांत १० लिहिले, एका मापावर खूण केली, नोंद बरोबर आली, आणि काम झाले असे त्याने मानले. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने बेतलेला सदरा त्याने साऱ्या गावाला घालायला दिला. आज आपल्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांचे फॉर्म याच अवस्थेत आहेत. म्हणून भरलेला फॉर्म आत कसा वाचला जातो आणि तो नीट वाचला जातो की नाही हे कसे तपासावे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

फॉर्मचा प्रवास

आपण ‘पाठवा’ हे बटण दाबतो तेव्हा ब्राउझर सर्व रकाने एका लांब ओळीत गुंफतो. रकान्याचे नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग आपण लिहिलेला मजकूर; दोन रकान्यांच्या मध्ये & हे चिन्ह. मोकळ्या जागेच्या ठिकाणी + हे चिन्ह घातले जाते. मराठी अक्षरे या ओळीत जशीच्या तशी जात नाहीत. प्रत्येक चिन्हाचे आधी तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा अशा रूपात लिहिला जातो.

‘नरसी’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात ३ अक्षरे दिसतात. संगणक वेलांटी वेगळी मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ४ चिन्हे. त्यांचे बाइट होतात १२ आणि प्रवासातल्या ओळीत जागा लागते ३६ खुणांची. ‘नरसी नामदेव’ एवढे लिहिले तर ९१ खुणा होतात.

ही ओळ दुसऱ्या टोकाच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, पोहोचली की तिची उकल करावी लागते. गाठी सोडायच्या, टक्क्यांच्या खुणांची पुन्हा अक्षरे करायची, प्रत्येक रकाना वेगळा काढायचा. हे काम प्रत्येक प्रोग्रामर स्वतः करीत नाही. त्यासाठी तयार सांगाडे मिळतात. त्यांना वेब फ्रेमवर्क म्हणतात. त्यांतला जँगो हा सांगाडा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडला आणि २००५ साली सर्वांना मोफत खुला झाला. पीएचपी ही भाषा त्याहून जुनी, १९९५ सालची. तिच्या सुरुवातीच्या नावातच ‘फॉर्म वाचणारा’ असा शब्द होता.

उकल झाल्यावर दुसरी पायरी येते. आलेला मजकूर म्हणजे नुसती अक्षरे असतात. ‘संख्या’ या रकान्यातल्या अक्षरांचा अंक करायचा, ‘तारीख’ या रकान्यातल्या अक्षरांची तारीख करायची. तिसरी पायरी म्हणजे ते नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, लिहायचे. चूक या तिन्ही पायऱ्यांवर होऊ शकते, म्हणून तपासणीही तिन्ही पायऱ्यांची वेगवेगळी करावी लागते.

सव्वाशेचे शून्य कसे झाले

अक्षरांचा अंक करण्याची प्रत्येक संगणकी भाषेची रीत निराळी आहे. जँगो ज्या पायथन भाषेत लिहिला आहे, ती भाषा मराठी आकडे ओळखते. तिला १२५ मराठीत दिले तरी ती सव्वाशेच समजते. जावास्क्रिप्ट ‘हा अंकच नव्हे’ असा निकाल देते. पीएचपीमध्ये सरळ पूर्णांक करा म्हटले तर ती शून्य देते आणि पुढे चालू लागते. चाचांचा फॉर्म पीएचपीत होता. कोणी कुरकुर केली नाही, लाल अक्षरांत सूचना आली नाही, आणि सव्वाशेचे शून्य झाले.

याहून धोक्याची गोष्ट स्वल्पविरामाची. आपण सवयीने रक्कम १,२५,००० अशी लिहितो. इंग्रजी आकड्यांत हीच रक्कम स्वल्पविरामांसह लिहून पीएचपीत पूर्णांक केला तर उत्तर येते १. पहिल्या स्वल्पविरामाशी वाचन थांबते. सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि शून्य पाहून जशी शंका येते तशी येथे येईलच असे नाही. जँगोचा पूर्णांकाचा रकाना हीच रक्कम नेहमीच्या मांडणीत नाकारतो आणि ‘पूर्ण संख्या लिहा’ अशा अर्थाची सूचना दाखवतो. धंद्यात नकार परवडतो. चुकीचा होकार परवडत नाही.

उलट्या प्रकारची चूकही ध्यानात घ्यावी. जे दिसायला अंक आहे पण खरे तर नाव आहे, त्याचा अंक करू नये. हिंगोली भाग हळदीचा. जीएसटीच्या बिलावर हळदीचा एचएसएन क्रमांक ०९१० ने सुरू होतो. प्रोग्रामरने तो रकाना अंकाचा ठेवला तर पुढचे शून्य गळून ९१० उरते. मोबाइल क्रमांक, पिनकोड, बँकेचा खाते क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. ते अक्षरे म्हणूनच ठेवावेत.

चार मापांचे एक माप

आता मापांचे पाहू. चारही चौकोनांना प्रोग्रामरने ‘माप’ हे एकच नाव दिले होते. ब्राउझरने चारही मापे पाठवली. पण एका नावाखाली चार मजकूर आले तर पीएचपी शेवटचा ठेवते. सर्व हवे असतील तर रकान्याच्या नावापुढे चौकटी कंसाची जोडी लिहावी लागते. जँगोही साधेपणाने विचारले तर शेवटचाच देतो. सर्वांची यादी हवी असेल तर ती यादी म्हणून मागावी लागते. फ्लास्क हा दुसरा सांगाडा साधेपणाने विचारल्यास पहिला मजकूर देतो. म्हणजे तोच फॉर्म एका ठिकाणी ३० म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी २४ म्हणेल, आणि दोन्ही उत्तरे अपुरी असतील.

चौकोनाची आणखी एक खोड आहे. खूण केली नाही तर ‘नाही’ असे उत्तर जात नाही. तो रकाना मुळी पाठवलाच जात नाही. समजा, ‘उधारी बंद करा’ अशा चौकोनावरची जुनी खूण तुम्ही काढली. प्रोग्रामरने ‘रकाना आला नाही तर जुने तसेच ठेव’ असे लिहिले असेल, तर खूण कधीच निघणार नाही. म्हणून रिकामा रकाना आणि न आलेला रकाना, या दोन्हींची तपासणी वेगळी करावी.

लांब बिलाची शेपटी

घाऊक व्यापाऱ्यांनी पुढची बाब नीट वाचावी. २०११ च्या डिसेंबरात बर्लिन येथील एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिले की, मुद्दाम निवडलेल्या नावांचे हजारो रकाने एकाच फॉर्ममधून पाठवले तर सर्व्हर ते लावण्यातच गुंतून पडतो. त्यानंतर २०१२ च्या जानेवारीत पीएचपीने एका फॉर्ममध्ये १००० रकान्यांची मर्यादा घातली. जँगोनेही २०१६ मध्ये तेवढीच मर्यादा आणली. मर्यादा योग्यच होती, पण तिचे पालन दोघे दोन तऱ्हांनी करतात. जँगो हजाराच्या वर रकाने दिसताच सगळा फॉर्म नाकारतो. पीएचपी उरलेले रकाने गाळून टाकते आणि तिची सूचना सहसा सर्व्हरच्या दप्तरात पडून राहते. दुकानदाराला ती दिसत नाही.

आता हिशेब करा. बिलाच्या एका ओळीत माल, नग, भाव आणि कर असे ४ रकाने धरले तर २५० ओळींत हजार भरतात. तीनशे ओळींचा साठा एका दमात भरून पाठवला तर शेवटच्या पन्नास ओळी वाटेतच राहतील आणि पडद्यावर ‘नोंद झाली’ असेच दिसेल. ही मर्यादा वाढवता येते, किंवा फॉर्म तुकड्यांनी पाठवता येतो; पण आधी ती आहे हे ठाऊक असायला हवे.

फोटोचेही असेच आहे. मजकुराबरोबर फाइल पाठवायची तर फॉर्म वेगळ्या पद्धतीने बांधावा लागतो, ज्यात प्रत्येक रकाना स्वतंत्र पुडक्यात जातो. प्रोग्रामर ते सांगायला विसरला तर फोटोऐवजी फक्त फोटोचे नाव पोहोचते. पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि साऱ्या फॉर्मला ८ एमबी अशी मर्यादा ठेवलेली असते. आजच्या मोबाइलचा एकच फोटो कित्येकदा २ एमबीच्या वर जातो. साऱ्या फॉर्मची मर्यादा ओलांडली तर फोटोबरोबर लिहिलेला मजकूरही सर्व्हरला रिकामाच मिळतो.

नावाचा प्रश्न

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकाच्या आधारे होते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी धंदे आहेत आणि त्यांत शिंपीही आहे. अशा नोंदी झाल्यापासून नावाचे अक्षर न् अक्षर जुळणे महत्त्वाचे झाले आहे. आपल्याकडे ‘शेख’ काहींच्या नावात आधी येते, काहींच्या शेवटी. ‘मोहम्मद’ कोणी पूर्ण लिहितो, कोणी टिंब देऊन आखूड करतो. अनेकांच्या कागदपत्रांत दोनच शब्द असतात. फॉर्मने नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने सक्तीचे केले, टिंब नाकारले, तर माणूस काहीतरी भरून मोकळा होतो. मग बिलावर एक नाव, बँकेत दुसरे, अशी अवस्था होते. आपल्या दुकानाचा फॉर्म करून घेताना ‘पूर्ण नाव’ असा एकच मोठा रकाना ठेवावा.

लांबीची मर्यादाही पाहावी. प्रोग्रामरने ३० अक्षरे म्हणून ३० बाइटांची मर्यादा घातली असेल तर मराठीची १० चिन्हेच मावतील. शिवाय नुक्त्याचे ‘ज़’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येते : एकसंध, किंवा ज आणि खाली टिंब असे दोन चिन्हांत. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला भिन्न. एका कीबोर्डवरून नोंदवलेले गिऱ्हाईक दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले तर सापडत नाही, त्याचे हे एक कारण. वाचतानाच सर्व मजकूर एका तऱ्हेत आणणे हा त्यावरचा उपाय.

दुकानाच्या नावातले & हे चिन्ह आणि मोबाइल क्रमांकापुढचे + हे चिन्ह ब्राउझर स्वतः नीट बांधून पाठवतो. पण मोबाइल अ‍ॅपसाठी प्रोग्रामरने ती ओळ हाताने जुळवली असेल तर ‘बागवान & सन्स’ मधले फक्त ‘बागवान’ पोहोचते आणि +९१ मधले + जाऊन मोकळी जागा येते. तारखेचेही सांभाळावे. अमेरिकी मांडणीत ठेवलेला जँगो ०५/०४/२०२५ ही तारीख ५ एप्रिल न धरता ४ मे धरतो. २५/०४/२०२५ लिहिले तर मात्र नाकारतो, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चूक लपते आणि तेराव्या दिवशी उघडी पडते.

तपासणी कशी करतात

चाचांच्या दुकानात बसून त्या मुलाने आणि आम्ही मिळून जी तपासणी केली, तिची रीत अशी. आधी कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे काय पाठवायचे, उजवीकडे नोंदीत काय उमटले पाहिजे. उजवा रकाना पाठवण्यापूर्वी लिहायचा, ही अट. उत्तर पाहून मग ‘हेच अपेक्षित होते’ म्हणणे म्हणजे सदरा शिवून झाल्यावर माप घेणे.

मग प्रत्येक ओळ फॉर्ममध्ये भरून पाहिली. कागदावरच्या वीस ओळींपैकी सात चुकल्या. मुलाने सात दुरुस्त केल्या. पण दुरुस्ती करताना आधी बरोबर असलेली एक बिघडली. येथेच हाताने तपासण्याची मर्यादा कळते. प्रत्येक दुरुस्तीनंतर वीसच्या वीस ओळी पुन्हा भरायला कोणाला वेळ असतो?

म्हणून चांगले प्रोग्रामर ही यादीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवतात. जँगोमध्ये यासाठी एक नकली गिऱ्हाईक मिळते. ते ब्राउझरसारखे वागते, इंटरनेटशिवाय फॉर्म भरते, आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. पीएचपीसाठीही अशी साधने आहेत. एकदा यादी लिहिली की शंभर ओळीही काही क्षणांत तपासून होतात, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासता येतात.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. हे नकली गिऱ्हाईक फार शिस्तीचे असते. ते सर्व चिन्हे स्वतः नीट बांधून पाठवते. त्यामुळे वेडीवाकडी बांधलेली ओळ आली तर काय होईल, हे त्याच्याकडून कळत नाही. त्यासाठी कच्ची ओळच जशीच्या तशी पाठवून पाहावी लागते. आणि शेवटी एकदा खऱ्या मोबाइलवरून, खऱ्या माणसाच्या हातून फॉर्म भरून घ्यावाच.

व्यापारी बांधवांनी काय करावे

प्रोग्राम लिहिता येत नसला तरी पुढील दहा गोष्टी कोणालाही करून पाहता येतात :

१) संख्या मराठी आकड्यांत लिहा.
२) रक्कम स्वल्पविराम देऊन लिहा.
३) एकाहून अधिक चौकोनांवर खुणा करा, नंतर सर्व खुणा काढून पुन्हा पाठवा.
४) शून्याने सुरू होणारा क्रमांक लिहा.
५) सर्वांत लांब मराठी नाव लिहा, आणि दोनच शब्दांचे नावही लिहा.
६) नावात टिंब आणि & घाला, मोबाइल क्रमांकापुढे + घाला.
७) महिन्याच्या पाच तारखेची आणि पंचवीस तारखेची अशा दोन नोंदी करा.
८) पत्ता तीन-चार ओळींत लिहा.
९) मोबाइलवर काढलेला मोठा फोटो जोडा.
१०) आपल्या धंद्यात येऊ शकेल असे सर्वांत लांब बिल भरा आणि शेवटची ओळ पोहोचली का ते पाहा.

प्रत्येक वेळी ‘नोंद झाली’ या वाक्यावर विसंबू नका. नोंद उघडून डोळ्यांनी वाचा. फॉर्म भरणाऱ्यालाही त्याने पाठवलेला मजकूर, सर्व्हरने जसा वाचला तसा, परत दाखवण्याची सोय करून घ्या. मुख्याध्यापकांना त्याच क्षणी ‘शून्य सदरे’ असे दिसले असते तर त्यांनी तिथेच दुरुस्त केले असते.

फॉर्म करून देणाऱ्याशी बोलणी करताना भावाबरोबर तपासणीच्या यादीचेही ठरवा. यादी आपण द्यावी, कारण आपले गिऱ्हाईक कसे लिहिते हे आपल्यालाच ठाऊक असते; हिंगोलीच्या बाजारात गिऱ्हाईक काय लिहील, हे शहरात बसलेल्या मुलाला कसे कळणार? सर्व ओळी बरोबर आल्यावर शेवटचा हप्ता द्यावा. यात अविश्वास नाही. शिंपीही कच्चा दोरा घालून अंगावर बसवून पाहतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. त्यात त्याचा कमीपणा कोणी मानत नाही.

असो. चाचांचा फॉर्म आता नीट चालतो. तो मुलगाच त्याची देखभाल करतो, आणि यंदा त्याने दुसऱ्या एका दुकानाचे काम घेतले तेव्हा आधी वीस ओळींचा कागद मागितला. चाचांनी मात्र एक सवय ठेवली आहे. कोणतीही ऑर्डर उमटली की ते गिऱ्हाइकाला फोन लावतात आणि विचारतात, ‘‘किती नग म्हणालात?’’ आम्हाला वाटते, ही सवय त्यांनी मोडू नये.